ऑनलाइन अभ्यासक्रमाचे व्यासपीठ : निवडीचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या संस्थेने नवा वर्ग सुरू करण्याचे ठरविले की चार प्रश्नांची उत्तरे शोधली जात. जागा कोणती, शिक्षक कोण, वेळ कोणती आणि फी किती. ही उत्तरे मिळाली की वर्ग सुरू होई. हे चारही प्रश्न आजही आहेतच, पण त्यांत पाचव्याची भर पडली आहे. वर्ग कोणत्या ऑनलाइन व्यासपीठावर, म्हणजे रूढ शब्दात कोणत्या प्लॅटफॉर्मवर घ्यावयाचा? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळांपासून शिकवणीवर्गांपर्यंत सर्वांनाच या प्रश्नाचे उत्तर आठ-दहा दिवसांत द्यावे लागले. त्या घाईत जे हाताशी आले ते स्वीकारले गेले आणि त्या वेळी ते योग्यही होते. आज तशी घाई नाही. संगणकावरील हिशेबलेखन असो, जीएसटीची माहिती असो, दुकानातील नव्या सेवकांचे प्रशिक्षण असो, महिलांचे शिवणकाम असो वा मुलांची पाठशाळा असो, कोणताही वर्ग ऑनलाइन नेताना विचारपूर्वक निवड करता येते. त्या निवडीचा विवेक हा या व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाचा आरंभ एका मुलाच्या कथेने करणे उचित ठरेल. मार्टिन डुजियामास हा मुलगा पश्चिम ऑस्ट्रेलियातील दूरच्या वाळवंटी प्रदेशात वाढला. तेथे जवळपास शाळा नव्हती. त्याचे प्राथमिक शिक्षण रेडिओवरून झाले. ऑस्ट्रेलियात अशा शाळेला ‘हवेतील शाळा’ म्हणतात. शिक्षिका शेकडो मैलांवर बसून बोलत आणि विद्यार्थी आपल्या घरातून रेडिओवर उत्तर देत. पुढे हाच मुलगा पर्थ शहरातील कर्टिन विद्यापीठात नोकरीस लागला. तेथे ‘वेबसीटी’ नावाची ऑनलाइन शिक्षणाची प्रणाली वापरात होती आणि ती सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. दूर राहून शिकणाऱ्याला काय हवे असते हे त्याने स्वतः अनुभवले होते, म्हणून त्या प्रणालीच्या मर्यादा त्याला खुपू लागल्या. त्याने स्वतःची प्रणाली लिहिण्यास आरंभ केला आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘मूडल’. कोणीही ती विनामूल्य घ्यावी, वापरावी, तीत सुधारणा करावी, अशा खुल्या परवान्याखाली ती जगाला दिली गेली. आज शंभराहून अधिक भाषांत ती उपलब्ध आहे आणि मुंबईच्या आयआयटीसारख्या नामवंत संस्थेतही तिचा वापर होतो.

डुजियामास जी वेबसीटी सांभाळत होते तिचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २००६ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड’ या प्रतिस्पर्धी कंपनीने वेबसीटी विकत घेतली आणि यथावकाश ते नावच व्यवहारातून नाहीसे झाले. ज्या विद्यापीठांनी तीवर वर्षानुवर्षे पाठ रचले होते त्यांना आपला पसारा आवरून दुसरीकडे जावे लागले. व्यासपीठ निवडणे म्हणजे केवळ सोयीचे यंत्र निवडणे नव्हे. शिक्षकांचे श्रम आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणाच्या हाती सोपवावयाच्या याचा तो निर्णय असतो, एवढे या उदाहरणावरून ध्यानात येते.

आता निवडीच्या प्रश्नांकडे वळावे.

पहिला प्रश्न शिकणाऱ्याचा. कोण शिकणार आहे आणि कशावर? विक्रेता प्रात्यक्षिक दाखवितो ते मोठ्या पडद्याच्या संगणकावर, वेगवान जोडणीवर. प्रत्यक्षात शिकणारा बहुधा मोबाइलवर शिकतो आणि तो मोबाइलही पुष्कळदा घरातील एकटाच असतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२१ च्या ‘असर’ पाहणीत असे दिसले की, ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु अशा घरांतीलही सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर सकाळी कामावर जात असेल, तर दुपारी अकराचा थेट वर्ग त्या मुलासाठी असून नसल्यासारखा. म्हणून पाठ आधी उतरवून ठेवता येतो का आणि जोडणी नसताना पाहता येतो का, हे प्रथम विचारावे. मूडलच्या मोबाइल अॅपमध्ये तशी सोय आहे, पण वर्ग उभारणाऱ्याने ती चालू ठेवली पाहिजे आणि पाठही त्या बेताने लहान केले पाहिजेत.

पाठ लहान कसे करावेत याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात संगणकविषयक पाठ सुमारे दहा मिनिटांचे असतात. पाठाची संहिता आधी लिहिली जाते, तपासली जाते आणि मग ध्वनिमुद्रण होते. तोच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतो. विद्यार्थ्याने एकीकडे पाठ पाहावा, थांबवावा आणि दुसरीकडे तेच स्वतः करून पाहावे, अशी ती पद्धत आहे. दीड तासाचे भाषण जसेच्या तसे मुद्रित करून चढविणे आणि अशी पाठरचना करणे, या दोहोंतील अंतर कोणतेही महागडे व्यासपीठ भरून काढू शकत नाही.

दुसरा प्रश्न व्यासपीठाच्या जातीचा. बाजारात नावे पुष्कळ असली तरी त्यांच्या मुख्य जाती तीनच, आणि व्यापारी समाजाला त्या समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत. पहिली जात मोठ्या पेठेची. ‘युडेमी’ हे तिचे उदाहरण. तेथे गिऱ्हाईक पेठेचे असते, वर्दळ पेठेची असते आणि म्हणून कमिशनही पेठ ठरविते. २०२१ मध्ये युडेमीने, तिच्यामार्फत आलेल्या विक्रीतील शिक्षकाचा हिस्सा ५० टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आणला. शिक्षकाने स्वतःच्या दुव्यावरून विद्यार्थी आणला तर मात्र बहुतेक सर्व रक्कम त्याला मिळे. दुसरी जात भाड्याच्या गाळ्याची. ‘टीचेबल’, ‘थिंकिफिक’ ही तिची उदाहरणे. गाळा तयार मिळतो, पैसे घेण्याची सोय असते, पाटीवर नाव स्वतःचे असते. गिऱ्हाईक मात्र स्वतः आणावे लागते आणि महिन्याचे भाडे विक्री होवो न होवो द्यावेच लागते. तिसरी जात वर्गखोलीची. ‘गूगल क्लासरूम’, ‘कॅन्व्हास’ आणि ‘मूडल’ ही त्या जातीची. येथे विक्री हा हेतू नाही. ठरलेल्या विद्यार्थ्यांना शिकविणे, गृहपाठ घेणे, गुण देणे आणि नोंद ठेवणे हा हेतू आहे.

या तीन जातींचा घोळ झाला की निवड चुकते. तीस ओळखीच्या मुलांना शिकवावयाचे असताना पेठेत जाण्याचे कारण नाही. उलट, उत्तम भरतकाम शिकविणाऱ्या एखाद्या भगिनीला अनोळखी विद्यार्थिनी हव्या असतील, तर नुसती वर्गखोली घेऊन ती रिकामीच राहील. म्हणून विद्यार्थी आधीच आहेत की शोधावयाचे आहेत, याचे उत्तर लेखी ठरवावे आणि मगच नावांची यादी उघडावी.

तिसरा प्रश्न पैशांचा. येथे ‘फुकट’ या शब्दापासून सावध राहणे इष्ट. मूडलची आज्ञावली विनामूल्य आहे, परंतु ती ठेवण्यास सर्व्हर लागतो, तिच्या नव्या सुरक्षा-दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात, रोजची प्रत काढून ठेवावी लागते आणि हे सर्व करणारा माणूस लागतो. धर्मशाळेची इमारत देणगीत मिळाली तरी तिची झाडलोट आणि पाणीपट्टी चुकत नाही, तसेच हे आहे. दुसऱ्या बाजूला, कंपनीने दिलेली विनामूल्य सोय ही कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. गूगलने शिक्षणसंस्थांना माहिती साठविण्यास अमर्याद जागा विनामूल्य दिली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने ते धोरण बदलल्याचे जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेस मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. लहान संस्थेला ती मर्यादा पुरून उरेल, परंतु जगातील मोठमोठ्या विद्यापीठांना साठविलेली सामग्री छाटावी लागली. यात कंपनीने वचनभंग केला असे नव्हे. विनामूल्य वस्तूची शर्त देणारा बदलू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

खर्चाचा तक्ता करताना पहिल्या महिन्याचा दर पाहू नये, तीन वर्षांची बेरीज करावी. मासिक भाडे, प्रत्येक विद्यार्थ्यामागील आकार, फीच्या प्रत्येक भरण्यावरील वजावट, डॉलरमधील दर असल्यास रुपयाची घसरण, जीएसटी आणि देखभाल करणाऱ्याचा मेहनताना, हे रकाने त्यात असावेत. आज वीस विद्यार्थी आहेत, तीन वर्षांनी दोनशे झाले तर बेरीज किती होते, हेही त्याच कागदावर मांडावे. वीस जणांना स्वस्त पडणारे व्यासपीठ दोनशे जणांना सर्वांत महाग पडल्याचे या तक्त्यात पुष्कळदा दिसून येते.

चौथा प्रश्न अभ्यास पूर्ण होण्याचा. ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदविणे सोपे असते, शेवटपर्यंत जाणे कठीण. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांनी ‘एडएक्स’ या व्यासपीठावर चालविलेल्या अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदविणाऱ्या सर्वांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरून नोंदणी करणाऱ्यांत मात्र हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. पैसे भरणारा मुळातच अधिक निश्चयी असतो, हे त्याचे एक कारण असणारच. तथापि जगातील श्रेष्ठ विद्यापीठांचे उत्तम पाठ विनामूल्य मिळूनही बहुसंख्य लोक अर्ध्या वाटेवरून परततात, हे वास्तव दृष्टिआड करता येत नाही.

यावरचा उपाय महाराष्ट्राने पूर्वीच पाहिलेला आहे. मूडल जन्मास आले त्याच २००२ साली राज्यात एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात पुढे ई-लर्निंगचा मोठा वापर झाला, पण विद्यार्थी गावातील केंद्रावर जाऊन बसे, शेजारी मार्गदर्शक असे, बरोबरीचे विद्यार्थी असत. पाठ यंत्र देत होते, धीर माणूस देत होता. म्हणून व्यासपीठ निवडताना असे पाहावे की, कोणता विद्यार्थी आठ दिवस फिरकला नाही हे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळते का? आणि ते कळल्यावर त्या विद्यार्थ्याच्या घरी फोन करणारा कोणी संस्थेने नेमला आहे का? पहिली गोष्ट व्यासपीठाची, दुसरी संस्थेची.

पाचवा प्रश्न मुलांच्या माहितीचा. नाव, जन्मतारीख, छायाचित्र, गुण, पालकांचा दूरध्वनी हे सारे व्यासपीठावर जाते. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. त्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. म्हणून जरूर तेवढीच माहिती मागावी. हिशेबलेखनाच्या वर्गाला विद्यार्थ्याची जन्मतारीख आणि घरचा पत्ता कशाला हवा, हा प्रश्न अर्ज छापण्यापूर्वीच विचारावा.

सहावा प्रश्न बाहेर पडण्याचा. तो शेवटी येत असला तरी महत्त्वाने पहिला आहे. ‘एडमोडो’ हे अमेरिकेत २००८ मध्ये सुरू झालेले व्यासपीठ शिक्षकांत अतिशय प्रिय होते. ते विनामूल्य होते, वापरण्यास सोपे होते आणि त्याचे वापरकर्ते कोट्यवधी होते. २०१७ मध्ये त्याच्या सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीस गेली. २०१८ मध्ये एका चिनी कंपनीने ते विकत घेतले. २०२० च्या साथीत इजिप्तच्या शिक्षण मंत्रालयाने देशभरच्या शाळांसाठी त्याची निवड केली. इतका विस्तार असूनही २२ सप्टेंबर २०२२ रोजी एडमोडो कायमचे बंद झाले. ज्यांनी आपले पाठ, प्रश्न आणि गुण वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांचे ते गेले. पुढे २०२३ मध्ये, पालकांच्या संमतीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकी शासनाच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर ६० लाख डॉलरचा दंड बसविला, परंतु भरण्याची ऐपत नसल्याने तो स्थगित ठेवावा लागला. लोकप्रियता, फुकटपणा आणि शासनाची पसंती या तिन्ही गोष्टी पाठीशी असूनही व्यासपीठ टिकतेच असे नाही, हे यातून शिकावे.

म्हणून करार करण्यापूर्वी विचारावे की, अभ्यासक्रम एकत्रितपणे बाहेर काढता येतो का? गुणपत्रक एक्सेलमध्ये उतरते का? पाठ ‘स्कॉर्म’ या प्रमाणित बांधणीत ठेवता येतो का? स्कॉर्म ही अनेक व्यासपीठांना समजणारी बांधणी आहे, त्यामुळे एकीकडे रचलेला पाठ दुसरीकडे चालू शकतो. मूळ चित्रफिती आणि संहिता यांची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या कपाटात, स्वतंत्र हार्ड डिस्कवर असावी. मूडल वापरणाऱ्यांनीही येथे निश्चिंत राहू नये. आज्ञावली खुली असली तरी संकेतस्थळाचे नाव एखाद्या होतकरू तरुणाच्या वैयक्तिक खात्यावर नोंदले असेल आणि तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, तर वर्गाची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. संकेतस्थळ संस्थेच्या नावावर नोंदवावे, परवलीचे शब्द दोन जबाबदार व्यक्तींकडे मोहोरबंद असावेत आणि दरवर्षी हिशेब तपासणीच्या वेळी तेही तपासावेत.

या साऱ्यांतून व्यवहार्य निष्कर्ष असा निघतो. हवा तो अभ्यासक्रम आधीच कोणी उत्तम तयार केला असेल, तर नवा रचू नये. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर जुलै २०१७ पासून अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध होत आले आहेत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरून परीक्षा द्यावी लागते. अशा वेळी संस्थेने केवळ बसण्याची जागा, जोडणी आणि एक मार्गदर्शक दिला तरी मोठे काम होते. ओळखीच्या वीस-तीस विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर गूगल क्लासरूमसारखी साधी सोय पुरते. अनेक वर्ग, परीक्षा आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवावयाच्या असतील, तर मूडल घ्यावे, मात्र त्याची देखभाल मोबदला देऊन जाणकारावर सोपवावी. अनोळखी विद्यार्थ्यांना कला विकावयाची असेल तरच पेठ वा गाळा पाहावा.

आणि अंतिम निर्णयापूर्वी एक महिन्याची चाचणी अवश्य घ्यावी. एक विषय, चार पाठ आणि दहा विद्यार्थी पुरेत. त्यांत संस्थेतील सर्वांत ज्येष्ठ शिक्षक असावेत आणि सर्वांत साधा मोबाइल असलेला विद्यार्थीही असावा. ज्येष्ठ गुरुजींना दुसऱ्या आठवड्यात मदतीविना पाठ चढविता आला आणि त्या विद्यार्थ्याला तो घरी पाहता आला, तर व्यासपीठ निम्मे उत्तीर्ण झाले. उरलेली परीक्षा महिन्याच्या शेवटच्या दिवशी घ्यावी. सर्व पाठ, सर्व उत्तरे आणि सर्व गुण बाहेर काढून ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावेत. ते उघडले तरच करारावर सही करावी.

वाळवंटातील त्या मुलापर्यंत शाळा पोहोचली ती खरखरणाऱ्या रेडिओवरून. साधन आजच्या मानाने अगदीच साधे होते. परंतु पलीकडे त्याचे नाव घेऊन प्रश्न विचारणारी शिक्षिका होती आणि तो गैरहजर असला तर तिच्या ते लक्षात येत होते. व्यासपीठ कोणतेही निवडले तरी त्या शिक्षिकेची जागा रिकामी राहू नये आणि तिने लिहिलेला पाठ कोणा कंपनीबरोबर बुडू नये, एवढी काळजी संस्थेने घेतली म्हणजे निवड सार्थकी लागली असे समजावे.